आईच्या मापाचं जाकीट

आमच्या घरात मोजायची साधनं भरपूर होती. तात्या, म्हणजे माझे वडील, भिंगारला लष्कराच्या एका कोठारात सिव्हिलियन स्टोअरकीपर होते आणि मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यामुळे घरात लोखंडी टेप होती, तराजू होता, धान्याचं मापटं होतं, रॉकेल मोजायचा डबा होता, आणि थर्मामीटर कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेला होता. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप मात्र नव्हती. ती लागतच नसे. बाजारातल्या शिंप्याकडे आमच्या ओळखीतली कुठलीच बाई अंगाचं माप देत नसे. नव्या कापडाबरोबर घरातला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज द्यायचा, तो मापाचा ब्लाऊज. शिंपी तो टेबलावर पसरायचा, त्यावरून नवा बेतायचा, आणि दोन्ही एकाच पिशवीतून परत यायचे. कोणी कोणाला हात लावायचा नाही, कुठला आकडा तोंडातून काढायचा नाही. मला त्यात काही वावगं वाटत नसे. आईला तर त्याहून सोयीचं काहीच नव्हतं.

आई शेवगावकडची. अंगानं थोराड, तिच्या माहेरच्या सगळ्याच बायका तशा. मी तिच्यावरच गेले होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मला बाजारातला एकही तयार पंजाबी ड्रेस होत नव्हता आणि थंडीत मी तात्यांचा जुना स्वेटर घालून जात असे. क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच. पहाटे छावणीतला बिगूल व्हायचा, त्याच्या मागोमाग आईच्या भाकऱ्या थापायचा आवाज सुरू व्हायचा. दहाच्या सुमारास लांबच्या मैदानावर गोळीबाराचा सराव सुरू झाला की फळीवरची पितळी भांडी बारीक किणकिणायची. आलेला पाहुणा दचकायचा आणि आई त्याला म्हणायची, "काय न्हाई, बसा. रोजचंच हाय." थंडीत आठवड्यातून दोनदा शेंगोळं व्हायचं. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून मळायचं, हातावर वळकट्या वळायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. ते शिजताना घरभर जो वास सुटतो तो मी आजही पाऊण मैलावरून ओळखीन. वळकट्या मी वळायचे आणि मोजायचे. तात्यांना सोळा, मला चौदा. आई म्हणायची, "माझ्या मोजू नको. उरल्यात त्या माझ्या."

याद्या करायची सवय मला तात्यांमुळे लागली. ऑफिसात रद्दीत निघालेल्या आखीव वह्या ते घरी आणायचे आणि मी त्यांत सगळं लिहायचे: वाण्याकडून आणायचं, कॉलेजात विचारायचं, आईला सांगायचं राहिलेलं. आज चौपन्नाव्या वर्षी माझ्या फ्रीजवर यादी असते आणि मुलं चेष्टा करतात, पण घरातलं काही हरवलं की मलाच विचारतात.

आईजवळ एक पेटी होती, म्हणजे हार्मोनियम. तिच्या वडिलांची. ते गावात मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवत, आणि मुलगा नव्हता म्हणून म्हणा किंवा हौस म्हणून म्हणा, त्यांनी मुलीला शिकवलं. भिंगारला आमच्या वसाहतीतल्या बायकांचं भजनी मंडळ होतं. दर गुरुवारी दुपारी दत्ताच्या देवळात जमायचं. पंधरा बायका, पैकी टाळ वाजवणाऱ्या बारा आणि पेटी वाजवणारी एकटी माझी आई. एरवी ती पाहुण्यांसमोरून जाताना पदर दोन्ही खांद्यांवर ओढून, भिंतीच्या कडेकडेनं जायची. बाजारात जायचं असलं तर मला पाठवायची. लग्नाकार्याला तात्यांना एकट्यांना जायला लावायची, आणि कारण दर वेळी गुडघ्यांचं असायचं. पण पेटीसमोर बसली की तिचं सगळं अंग सैल व्हायचं. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, डोळे मिटलेले, आणि ओठ अगदी थोडे हलायचे. ती गायची नाही. वाजवताना मनात गायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडळानं नगरला महिला भजनी मंडळांच्या स्पर्धेत नाव घातलं. स्पर्धा संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. मंडळाच्या प्रमुख जगताप काकू. कोल्हारच्या बागायती घरातल्या, आवाज खणखणीत, कामाचा उरक मोठा. त्यांनी ठरवलं की सगळ्यांच्या साड्या पांढऱ्या आणि वरून सगळ्यांची एकसारखी मरून जाकिटं. नगरच्या दुकानातून त्या पंधरा तयार जाकिटं घेऊन आल्या आणि एका गुरुवारी आमच्याच घरी वाटप झालं, कारण पेटी आमच्याकडे. बायका जाकिटं उचलत होत्या, पाठमोऱ्या होऊन घालून बघत होत्या, हसत होत्या. आईच्या हातात शेवटी राहिलं ते सगळ्यात मोठं होतं, आणि ते कोपराच्या वर सरकेना. ती ते घालून बघायला आतल्या खोलीत गेली होती. मी दारात होते म्हणून मला दिसलं. तिनं ते काढलं, नीट घडी केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मला होत न्हाई हे."

जगताप काकू मनानं वाईट नव्हत्या. त्या लगेच म्हणाल्या, "मग राहू द्या ना वहिनी. तुम्ही पेटीमागं बसणार, तुमचं कुणाला दिसतंय? शाल पांघरा एखादी. आणि असं करू, पेटी आपण जरा मागच्या बाजूला ठेवू."

"व्हय, चालंल की," आई म्हणाली. तिनं सगळ्यांना चहा दिला, कोणी नको म्हटलं तर आग्रह केला. सगळ्या गेल्यावर पेटीवर कापड घातलं आणि मला म्हणाली, "जगताप बाईंना सांगून ये, माझ्याच्यानं बसवायचं न्हाई स्टेजवर. गुडघं धरत्यात." मी गेले नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही, पण पुढच्या गुरुवारी ती तालमीला गेली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. पेटी तशीच झाकलेली. मंडळाच्या दोघीजणी येऊन मनधरणी करून गेल्या. आईनं त्यांना गूळपोळी खाऊ घातली आणि ती गुडघ्यांबद्दलच बोलत राहिली.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये पाटोळे काकू राहत. त्या आणि त्यांचे यजमान ख्रिस्ती. काकू चर्चच्या वेदीवर घालायच्या कापडांना क्रोशाच्या जाळीच्या कडा करून द्यायच्या. त्यांच्या व्हरांड्यात खाटेवर बसून त्यांची सुई चाललेली मी लहानपणापासून बघत आले होते. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "काकू, मला क्रोशा शिकायचाय. आईसाठी मरून जाकीट करायचंय. दोन महिने आहेत."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, तू सुई धरलीयस का कधी?"

"नाही."

"मग आधी रुमाल कर. आणि ऐक, मी सपाट वस्तू करते. टेबलाचं, वेदीचं, टीव्हीचं. अंगाचं मी कधी केलं नाही. टेबलाला काख नसते."

पण शिकवलं त्यांनी. आधी साखळी: दोऱ्याचा एक फास, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. मग त्या साखळीवर उभे टाके. आखूड टाक्याला त्या मुका खांब म्हणायच्या आणि उंच टाक्याला नुसता खांब. माझी साखळी इतकी घट्ट यायची की सुई परत आत शिरेना. "कुणावर राग काढतीयस?" काकू म्हणायच्या. दुसरी चूक अशी की प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब मी विसरायचे, त्यामुळे माझे चौकोन वर जाता जाता निमुळते व्हायचे आणि देवळाच्या शिखरासारखे दिसायचे. मी वहीत लिहून ठेवलं, "शेवटचा खांब", आणि ओळ संपली की वही बघायचे. हसू येतं आता, पण त्या एका ओळीनं माझे चौकोन चौकोन झाले. आज माझ्याकडे शनिवारी पाच जणी शिकायला येतात. मोबाईलवर कुठलेकुठले व्हिडिओ बघून आलेल्या असतात, हात माझ्याहून चलाख असतो, आणि पाचही जणी शेवटचा खांब विसरतात.

आता मापाचा प्रश्न आला. मला जी एकच रीत माहीत होती तिच्याप्रमाणे मी गेले. आईला म्हटलं, "मापाचा ब्लाऊज दे."

ती भांडी घासत होती. हात धुतले, आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि एक आंबा रंगाचा ब्लाऊज आणून माझ्या हातात ठेवला. "हा बसतो का नीट?" मी विचारलं.

"न बसाया काय झालं? त्योच देते की शिंप्याला." आणि ती परत भांड्यांकडे गेली.

पाटोळे काकूंकडून कापडी टेप आणून मी तो ब्लाऊज जमिनीवर पसरून मोजला. छाती अडतीस भरली. साडी-ब्लाऊजवरून घालायचं म्हणून दोन इंच वाढवले, चाळीस केले. वहीत स्वच्छ अक्षरांत लिहिलं. काकूंनी मला आधी तळहाताएवढा तुकडा विणायला लावला आणि त्यात चार बोटांत किती खांब बसतात ते मोजून सगळं गणित मांडून दिलं. बाजारातून मरून लोकर आणली, जाड सुई आणली, आणि मी विणायला लागले. कॉलेजातून आले की व्हरांड्यात, स्वयंपाक होत असताना चुलीजवळ, रविवारी उन्हात. तात्या पेपर वाचता वाचता विचारायचे, "आज किती?" "सात ओळी." "ठीक." आई काही विचारायची नाही. पण मी विणताना माझ्या पाठीला उशी लावून जायची.

पाच आठवड्यांत जाकीट झालं. पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या, सगळं जोडून. टाके सरळ होते, कडा वाकडी नव्हती. मला वाटलं, आपण जिंकलो. दुपारी तात्या कामावर असताना मी आईला घालायला लावलं. एक बाही दंडाच्या मध्यावर अडकली. दुसरी मी ओढून वर घेतली तेव्हा तिला दुखलं असणार. पुढचे दोन भाग एकमेकांपासून जवळजवळ वीतभर लांब राहिले. आम्ही दोघी त्या फटीकडे बघत होतो. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लई सुरेख झालंय. तूच घाल. तुला व्हईल." मला ते झालंही असतं, त्याचंच मला जास्त रडू आलं.

मला कळेना की चुकलं कुठे. वही काढून तीन वेळा गणित तपासलं, तुकडा परत मोजला. गणित बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर कपडे वाळत घालताना आईचा रोजचा ब्लाऊज झटकला आणि तो हातात उलटा आला. आतून काखेत एक चौकोनी तुकडा लावलेला होता, दुसऱ्याच कापडाचा, बारीक हातशिलाईनं. बाजूची शिवण पार कडेपर्यंत सोडलेली, आणि तरी पुरलं नाही म्हणून तिथंही दोन बोटं रुंदीची पट्टी. मी दोरीवरचा दुसरा ब्लाऊज उलटा केला. तिसरा केला. सगळ्यांना तसंच. शिंप्याकडून आंबा रंगाच्या मापाचा ब्लाऊज शिवून यायचा आणि ती दुपारी दार लावून तो उसवायची, वाढवायची, काखेत तो चौकोनी तुकडा, म्हणजे कळी, घालायची. किती वर्षं हे चाललं होतं, मला माहीत नाही. आंबा रंगाचा ब्लाऊज तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा होता, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी जेवताना माझा चेहरा तात्यांच्या लक्षात आला असावा, कारण ताटावर बसल्या बसल्या ते कोणाकडेच न बघता म्हणाले, "आमच्याकडं जवानाला जर्सी देतात ना, तर दर वेळी नव्यानं मापं घेतात. भरतीच्या दिवशीचं माप कुणी धरत नाही. पोरं भरतीनंतर अंगानं भरतात, भरायलाच पाहिजेत." आणि शेंगोळ्याचा रस्सा मागितला. आईनं वाढला. तिचा हात मध्येच थांबला होता, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेप घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. "आई, अंगावरून माप घ्यायचंय."

"राहू दे आता. कशाला पुन्हा येवढा उटारेटा."

"अठरा दिवस आहेत. सगळं उसवून नवीन करते."

"मला कुठं जायाचंय वंदे? मी नसले तर टाळावर म्हनतील त्या."

"टाळावर म्हणतील. पण तू घरात बसून ऐकणार का ते?"

ती उठली, दाराची कडी लावली, खिडकी ओढून घेतली, पदर काढून खांद्यावर टाकला आणि फळीकडे तोंड करून माझ्याकडे पाठ केली. "घे," म्हणाली.

मी कधी कोणाचं अंग मोजलं नव्हतं. माझे दोन्ही हात तिच्याभोवती पुरेनात, टेपचं टोक पलीकडून घ्यायला मला तिच्या पाठीला गाल टेकवावा लागला. तिच्या अंगाला चुलीचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. मी मनाशी आकडा वाचला.

"किती?" तिनं भिंतीला विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"हं." थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं होतं पन्नासच्या वर आसंल." तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "दंड घे."

दंड अठरा. पोट पन्नास, त्यावर ती स्वतःच म्हणाली, "बघ, पन्नास हाय म्हनलं ना मी." मग मी एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरली, आणि वही उघडून आंबा रंगाच्या ब्लाऊजचं माप बघितलं. पंधरा. आणि आता, वीस वर्षांनी, पंधराच. मी पुन्हा मोजलं. पंधराच. आईचे खांदे लग्नातले तेच होते. अंग वाढलं होतं ते छातीला, पोटाला, दंडाला. आणि तेही मागून कमी, पुढून जास्त. गळा तोच, पाठीची उंची तीच. मी जर नुसतं "मोठं" करायचं म्हणून सगळीकडे सारखे इंच वाढवले असते, तर ते जाकीट तिच्या खांद्यांवरून घरंगळलं असतं. आज शनिवारी येणाऱ्या मुलींना मी हेच पहिलं सांगते की मोठ्या अंगाचं म्हणजे लहान कपडा फुगवलेला नव्हे. खांदा मोजा, मग छाती, मग पुढची आणि मागची वेगवेगळी. तेव्हा मला हे कोणी सांगणारं नव्हतं. आईच्या पाठीवर टेप धरून मला ते कळलं, आणि तिथं उभ्या उभ्या मला तिच्या त्या पंधरा इंचांबद्दल जे वाटलं ते मी वहीत लिहिलं नाही.

जाकीट आम्ही दोघींनी मिळून उसवलं. क्रोशाचं एक टोक ओढलं की ओळीच्या ओळी सुटत जातात. मी ओढत होते आणि ती गुडघ्यावर गुंडाळत होती. पाच आठवड्यांचं काम दुपारच्या चहापर्यंत संपलं. लोकर वेटोळ्यांची झाली होती; ती ओली करून, खाली पाण्याचा तांब्या बांधून दोरीवर टांगली, तेव्हा सरळ झाली. मग तिनं तिचा एक रोजचा ब्लाऊज आणला, माझ्यासमोर उलटा केला आणि काखेतल्या त्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे बी घाल तुझ्यात. चार बोटांचा चौकोन, असा टोकावर उभा करून. न्हाईतर हात वर जात न्हाई." ती ते सगळं जाणत होती. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

आणखी थोडी लोकर आणली आणि हात आता बसला होता तरी कॉलेज बुडवून, रात्री उशिरापर्यंत विणत राहिले. पाठीचं माप जवळजवळ जुनंच ठेवलं, कडेला थोडं वाढवलं. पुढचे भाग रुंद केले, काख खोल केली, बाहीत कळी घातली. तरी पहिल्यांदा घालून बघितलं तेव्हा पुढची कड मागच्यापेक्षा दोन बोटं वर उचलली गेली. छातीच्या उंचवट्यावरच लांबी खर्ची पडत होती. पाटोळे काकू बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझा गोल टेबलक्लॉथ एका बाजूला आखडला की मी तिथं अर्धीच ओळ घालते. मधूनच परत फिरायचं. तसं करून बघ." केलं. कड सरळ झाली. काकूंनी ते एक दिवस खिळ्याला टांगूनही ठेवायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत लोकरीच्या वजनानं ते दीड इंच लोंबलं, म्हणून खालच्या दोन ओळी काढल्या. "बघ, झालं की नाही," काकू म्हणाल्या. "टेबल असतं तर कधीच झालं असतं."

शेवटचं माप पेटीवर घेतलं. मीच म्हटलं, नुसतं उभं राहून काय कळणार, ती तर बसणार आहे आणि डावा हात भात्यावर मागेपुढे होणार आहे. आईनं पेटीवरचं कापड काढलं. किती आठवड्यांनी. बसली, भाता ओढला, सूर धरला. मी मागून बघत होते: पाठ ओढली जात नव्हती, काख फुगत नव्हती, कड वर सरकत नव्हती. मी म्हटलं, "झालं, बघितलं." पण ती थांबली नाही. एक अभंग पूर्ण वाजवला, मग दुसरा. आमच्या दारात तात्या चपला हातात घेऊन उभे होते, आवाज होऊ नये म्हणून. पुढच्या गुरुवारी ती तालमीला गेली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही टेम्पोतून नगरला गेलो. मी बरोबर घ्यायच्या वस्तूंची यादी केली होती: सुई, मरून लोकर, कापडी टेप, दोन केळी, आईची गोळी. स्टेजवर जगताप काकूंनी पेटी मागच्या बाजूला ठेवायला सांगितली होती. आईनं ती उचलली आणि टाळवाल्या बायकांच्या ओळीत, डाव्या टोकाला, पुढे आणून ठेवली. तिला अडवायला कोणाला वेळही नव्हता. पंधरा मिनिटं त्या गायल्या. आईनं डोळे मिटले होते. भात्यावरचा तिचा हात मोकळा जात-येत होता आणि तिचा पदर तिला जिथं हवा होता तिथं होता. आमचा नंबर आला नाही. पारनेरच्या बायका फारच चांगल्या गायल्या, हे जगताप काकूंनीही मान्य केलं.

नंतर मागच्या खोलीत सगळ्या जाकिटं काढायला लागल्या, आणि तेव्हा मला दिसलं. एकीच्या जाकिटाला काखेत तीन सेफ्टी पिना. दुसरीनं बटणंच लावली नव्हती, वरून पदर. आणि जगताप काकूंच्या जाकिटाच्या दोन्ही बाजू काखेपासून कंबरेपर्यंत उसवलेल्या होत्या, आत साडीला टाचलेल्या. पंधरा मिनिटं त्या खणखणीत आवाजात गायल्या, त्या श्वास अर्धाच घेऊन गायल्या असल्या पाहिजेत. पिना काढता काढता त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं जाकीट काढलंच नव्हतं. ती केळं खात होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुमचं कसं काय इतकं बसलं? कुठल्या ब्लाऊजचं माप दिलंत?"

"ब्लाऊजचं न्हाई," आई म्हणाली. "पोरीनं अंगावरनं घेतलं. अठ्ठेचाळीस हाय मी. दंड अठरा."

एकीच्या हातातली पिन खाली पडली. आई केळं खात राहिली.

जगताप काकू उगाच जाकिटाची घडी करत माझ्याजवळ आल्या. "वंदना, मला असं करून देशील? घाई नाही. पुढच्या वर्षीपर्यंत केलंस तरी चालेल." मग आवाज खाली आणून, "माझं चाळीस धर."

"चाळीस कशावरनं?" आईनं पलीकडून विचारलं.

"अहो, असंच. चाळीसच्या पुढं नसेलच मी."

आईनं केळ्याची साल कागदात गुंडाळली, पदराला हात पुसले, माझ्या पिशवीतली टेप काढली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. "आसं मनातलं माप नका सांगू तिला," ती म्हणाली. "पोरगी दोन म्हैनं विनंल आन् पुन्हा उसवत बसंल. पदर काढा. हात वर करा."

जगताप काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाकीच्या बायकांकडे, आणि हात वर केले.